वर्गातला तानपुरा कोणाच्या पट्टीत?

बारावीचा निकाल लागला की मला दरवर्षी चार-पाच फोन हमखास येतात. "पोरगी गाण्याचंच करायचं म्हणतेय. कुठं घालू?" विचारणारे वडील कधी सोलापूरचे असतात, कधी अकोल्याचे, कधी चिपळूणचे. आवाजात कौतुक असतं आणि धास्तीही असते. इंजिनिअरिंगला कुठं घालायचं हे सांगायला गल्लीत दहा जण भेटतात, गेल्या वर्षी कितीला प्रवेश बंद झाला तेही तोंडपाठ सांगतात. संगीताच्या महाविद्यालयाबद्दल विचारायला मात्र माणूस सापडत नाही. मग गावातल्या क्लासच्या बाई त्यांना ठाऊक असलेलं एकच नाव सांगतात आणि मूल तिथं जातं. तीन वर्षांनी पदवी हातात येते, पण गाणं बारावीत होतं तिथंच राहिलेलं असतं. असं झालेली मुलं मी पाहिली आहेत.

गेल्या वर्षी माझ्या भाचीनंच हा प्रश्न विचारला, तेव्हा फोनवर उत्तर देऊन भागणार नव्हतं. ती बार्शीची. मध्यमा पूर्ण झालेली, गळा चांगला, पट्टी काळी चार. पंचवीस वर्षं गाणं शिकवून काही संस्था मला विद्यार्थिनी म्हणून ठाऊक होत्या, काही परीक्षेच्या निमित्तानं. पण आईबापाच्या नजरेनं मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. दिवाळीपासून आम्ही दोघी फिरायला लागलो.

पहिल्याच ठिकाणी जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण हे अनेक ठिकाणी चालतं. इमारत नवी, फरशी चकचकीत, भिंतीवर थोरांच्या तसबिरी. वर्गात बावीस विद्यार्थी, त्यांत चौदा मुली. इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावलेला होता काळी एकमध्ये, म्हणजे सरांच्या पट्टीत. राग यमन. मध्य सप्तकातला सा मुलींना लागत होता. पंचमाच्या वर गेलं की एकेकीची हनुवटी वर उचलली जाऊ लागली. तार षड्जाला निम्म्या मुली गप्प झाल्या, उरलेल्यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या. सर प्रामाणिक होते, जीव तोडून शिकवत होते. पण पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला बावीस जण, म्हणजे एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटं, आणि तीही परक्या पट्टीत. बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "मावशी, मी इथं तीन वर्षं ओरडत बसेन." मला तिच्या बोलण्यात काहीच चूक दिसली नाही.

तेव्हापासून कुठल्याही संगीत महाविद्यालयात गेले की मी पहिला प्रश्न तोच विचारते: वर्गातला तानपुरा कोणाच्या पट्टीत लागतो?

गाणं वर्गात शिकवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात 1886 साली उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली. 5 मे 1901 रोजी पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कुरुंदवाडचा हा माणूस मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला होता. गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहून, सेवा करून, मिळेल तेवढं उचलायचं, या रीतीतूनच तो वर आला होता. तरीही त्यानं परक्या प्रांतात, कुठल्या संस्थानिकाच्या मेहेरबानीवर न विसंबता, लोकांच्या वर्गणीवर शाळा उभी केली. फळा, वह्या, इयत्ता, परीक्षा हे सगळं गाण्याला लावलं. दुसरीकडे वाळकेश्वरात जन्मलेले वकील पं. विष्णु नारायण भातखंडे गावोगाव फिरून उस्तादांकडच्या बंदिशी लिहून घेत होते. त्यांच्या प्रेरणेनं 1916 साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, 1918 साली ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय आलं आणि 1926 साली लखनौला मॅरिस कॉलेज. तेच आजचं भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय, 2022 पासून उत्तर प्रदेशचं राज्य विद्यापीठ.

या दोघांचं ऋण किती, हे एकाच गोष्टीवरून कळतं. माझी आजी गाणं शिकू शकली नाही. माझी आई शिकली, कारण तिच्या गावात गांधर्वच्या परीक्षेचं केंद्र होतं आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलीला कोणी नावं ठेवत नव्हतं. घरंदाज बायकांना गाणं मिळालं ते शाळेच्या दारातून. म्हणून "कॉलेजात कधी गवई होतो का?" असं कोणी तुच्छतेनं म्हणालं की मला राग येतो. कुमार गंधर्व 1935च्या सुमारास, अकरा वर्षांचे असताना, मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांच्या स्कूल ऑफ इंडियन म्युझिकमध्ये आले आणि तिथंच घडले. तीही शाळाच होती. पण तिथं मुलाकडे पाहणारा देवधरांसारखा माणूस होता, आणि वेगवेगळ्या घराण्यांचे गवई त्या जागी येऊन गात. इमारत, वेळापत्रक आणि पाटी यांच्यापलीकडे जे लागतं, ते त्या जागेत होतं.

अभ्यासक्रम आला तशी त्याची किंमतही चुकवावी लागली. वर्षाला इतके राग, प्रत्येकात एक छोटा ख्याल, ठरावीक रागांत बडा ख्याल, हातावर ताल, दुगुन-चौगुन. "किती राग झाले?" हा प्रश्न "यमन किती झाला?" या प्रश्नाच्या पुढे गेला. आजच्या सगळ्या संस्थांचा आढावा घ्यायचा तर माझ्या मते याच एका कसोटीवर घ्यायला हवा: या ओझ्यातून ती संस्था मुलाला एकट्यानं गायला आणि गुरूनं ते ऐकायला किती वेळ काढून देते?

सुरुवात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळापासून करते, कारण महाराष्ट्रातली बहुतेक मुलं तिथूनच येतात. विष्णु दिगंबर 1931च्या ऑगस्टमध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादला हे मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी लाखो घरांत पोचली. हे कॉलेज नव्हे, परीक्षा घेणारी संस्था आहे, आणि हा फरक पालकांना पुन्हापुन्हा सांगावा लागतो. शिकवतो तो तुमच्या गावातला शिक्षक. तो चांगला असेल तर विशारद झालेली मुलगी उत्तम गाते, नसेल तर प्रमाणपत्र तेच आणि गाणं बेताचं. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षांना गर्दी वाढली. त्यातली बरीच मुलं दहावीनंतर तानपुऱ्याकडे ढुंकून पाहत नाहीत. विशारदला पदवीसमान मानायचं की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. एम.ए.ला प्रवेश घ्यायच्या बेतानं कोणी बी.कॉम. सोडून नुसती विशारद करत असेल, तर आधी त्या विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्यावं. अलाहाबादच्या प्रयाग संगीत समितीच्या प्रभाकर परीक्षेलाही हेच लागू आहे.

विद्यापीठांच्या संगीत विभागांत चित्र संमिश्र आहे. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग चर्चगेटला आहे. अशोक दा. रानड्यांनी त्याची घडी बसवली, त्यामुळे गाण्याकडे अभ्यासाच्या नजरेनं पाहण्याची सवय तिथं मुरलेली आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठात प्रभा अत्रे संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. मुलींसाठी या जागेचा एक उघड फायदा आहे, तो मी वर सांगितलेल्या पट्टीचा! सगळ्याच मुली, त्यामुळे तानपुरा त्यांच्या गळ्याजवळ लागतो. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे, पुण्यात भारती विद्यापीठाचं प्रयोगकलांचं स्कूल आहे. 2022 साली प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे कला अकादमीत लता दीनानाथ मंगेशकरांच्या नावानं राज्य सरकारचं संगीत महाविद्यालय सुरू झालं. त्याचा जम बसायला अजून काही वर्षं द्यायला हवीत. विदर्भ-मराठवाड्यात बी.ए.ला संगीत हा एक विषय म्हणून घेता येणारी कॉलेजं पुष्कळ आहेत. तिथं बाकीचे विषय पास होण्यापुरते करून गावातल्याच गुरूकडे शिकत राहणारी मुलं मला पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा पुढे गेलेली दिसली आहेत. घर जवळ, खर्च कमी, पहाटेचा रियाज आपल्याच माडीवर. ही वाट कमीपणाची समजू नये.

पुणे विद्यापीठातलं ललित कला केंद्र मात्र वेगळं काढून पाहावं लागेल. 1987 साली सुरू झालेल्या या केंद्राच्या नावातच गुरुकुल हा शब्द आहे. संगीत, नृत्य, नाट्य एकाच आवारात, आणि शिकवण्याची मांडणी वर्गापेक्षा गुरूभोवती. शेजारच्या खोलीत कथकची पढंत चालू आहे आणि झाडाखाली नाटकाची तालीम, अशा जागी गाणाऱ्या मुलाला लयीचा आणि शब्दाचा वेगळाच कान येतो. अर्थात जागा थोड्या असतात, आणि प्रवेश चाचणीतला परफॉर्मन्स खरोखरच ऐकला जातो.

महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर पहिलं नाव छत्तीसगडमधल्या खैरागडचं. राजे बिरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती यांनी आपली लेक इंदिरा हिच्या आठवणीत राजवाडाच दिला, आणि 1956 साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं राहिलं. भातखंड्यांचे पट्टशिष्य, मुंबईचे पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, तिथं कुलगुरू होते. नागपूरकरांना ते फार लांब नाही. हावड्याच्या गाडीनं राजनांदगाव, तिथून बसनं सुमारे 40 किलोमीटर. गावात मॉल नाही, फार करमणूक नाही. संध्याकाळ झाली की रियाजावाचून दुसरा उद्योग नाही. अठरा वर्षांच्या मुलाला हे आधी शिक्षा वाटतं, पण गाण्यासाठी यासारखं दुसरं वरदान नाही.

बनारस हिंदू विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य पं. ओंकारनाथ ठाकूर, विष्णु दिगंबरांचेच शिष्य. तिथं विद्यापीठ तर आहेच, पण खरी शाळा गाव आहे: संकटमोचनचा उत्सव, घाटावरच्या मैफली, ठुमरी आणि तबल्याची स्वतःची बनारसी बोली. तबला शिकणाऱ्या मुलानं तर बनारस एकदा पाहूनच यावं. दिल्ली आणि बनारससारख्या केंद्रीय विद्यापीठांत 2022 पासून पदवी प्रवेशाला सीयूईटी ही सामायिक लेखी परीक्षा आली आहे. गाण्या-वाजवण्याची चाचणी वेगळी असते, आणि दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या जाहीर होतात. त्या चुकल्या की वर्ष गेलं.

कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी या सगळ्यांहून निराळी. तिथं पदवी नाही, वर्ग नाहीत. टॉलीगंजच्या आवारात गुरू राहतात, निवडलेले मोजके शिष्य राहतात, त्यांना शिष्यवृत्ती मिळते आणि दिवसभर काम एकच. आपल्या विदर्भातले पं. उल्हास कशाळकर तिथं दीर्घकाळ गुरू म्हणून राहिले. बारावीनंतर लगेच तिथं जाता येईल असं फारच थोड्यांच्या बाबतीत घडतं. तिथल्या निवडीला गाणं आधीच बरंच तयार लागतं. म्हणून पालकांना मी सांगते, हे पहिलं पाऊल धरू नका. वीस-बाविसाव्या वर्षी पोचायचं ठिकाण म्हणून डोळ्यांपुढे ठेवा.

गोव्याची गोष्ट दोन्हीकडे हात असलेली. पणजीला आल्तिन्होवर गोवा संगीत महाविद्यालय आहे, मांडवीच्या काठावर कला अकादमी. तिथं हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य दोन्ही संगीतांची शिकवण चालते. चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून गोव्याच्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या स्टाफ नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं गेलं. हिंदी सिनेमाच्या सोन्याच्या काळातले वाद्यवृंद त्या पोरांच्या जिवावर उभे होते. वसईच्या आणि गोव्याच्या घरांतून आजही व्हायोलिन-पियानोची आठवी ग्रेड करणारी मुलं निघतात. त्यांना पुढं जायचं तर मात्र देश ओलांडावा लागतो. मुंबईचे झुबिन मेहता 1954 साली अठराव्या वर्षी व्हिएन्नाच्या अकादमीत गेले, तसा. ही वाट वेळापत्रकावर चालते. ब्रिटनच्या बहुतेक कॉन्झर्व्हेटरींचे अर्ज यूकास कॉन्झर्व्हेटरीज या एकाच खिडकीतून जातात आणि मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपते, म्हणजे प्रवेशाच्या जवळजवळ वर्षभर आधी. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी ध्वनिमुद्रण पाठवायचं आणि निवड झाली तरच प्रत्यक्ष ऑडिशन. फिलाडेल्फियाच्या कर्टिसमध्ये 1928 पासून कोणाकडूनही शिकवणीची फी घेत नाहीत, पण जागा हाताच्या बोटांवर. युरोपात अर्ज करण्याआधी ज्या प्राध्यापकाकडे शिकायचं त्याच्याकडे एक प्रायोगिक धडा घेण्याची पद्धत आहे. मुलगा त्याला ऐकवतो, तो तासभर शिकवतो, आणि दोघंही ठरवतात की आपलं जमेल का. ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडची गुरुपरंपरा तरी याहून काय वेगळं करत होती?

पंडित भीमसेन जोशींची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती कॉलेज निवडण्याची गोष्ट म्हणून कोणी सांगत नाही. 1933 साली अकरा वर्षांचा हा मुलगा गदगचं घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालयात राहिला. तिथून उत्तरेत भटकत जालंधरला पोचला. तिथं हरिवल्लभ संमेलनात त्याला पं. विनायकराव पटवर्धन भेटले. ते स्वतः 1932 साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलेले, विद्यालयांवर पुरता विश्वास असलेले. त्यांनी या मुलाला आपल्या विद्यालयात बोलावलं नाही. इतक्या लांब कशाला फिरतोस, तुझ्या गावाजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा, असं सांगितलं. संस्था चालवणाऱ्या माणसानं या गळ्याला काय हवं ते ओळखलं आणि दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवलं. प्रवेश समितीत बसणाऱ्या प्रत्येकानं हा प्रसंग ध्यानात ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

आता पाहायला जायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं? पट्टीचं सांगितलंच. दुसरं, साथ. गाण्याच्या वर्गात जिवंत तबला आठवड्यातून किती वेळा असतो? ॲपवरच्या ठेक्यावर तीन वर्षं गायलेली मुलगी माणसाबरोबर गायला बसली की समेला अडखळते, कारण माणूस तिच्याकडे पाहत असतो आणि ॲप कधी पाहत नव्हतं. तबला शिकायचा असेल तर उलट पाहा, लेहरा धरायला कोणी आहे का? एका ठिकाणी आम्ही छोट्या खोलीत आठ तबले एकदम वाजताना पाहिले. सगळे एकच कायदा वाजवत होते आणि कोणालाही स्वतःच्या बायाचा आवाज ऐकू येत नव्हता. मुलं एकमेकांच्या हातांकडे बघून वाजवत होती, कानानं नव्हे.

तिसरं, वसतिगृह. ही गोष्ट कोणी विचारत नाही आणि पुढं तिचाच पस्तावा होतो. पहाटे पाचला खर्ज लावायला जागा कुठं आहे? विद्यापीठाचं सामायिक वसतिगृह असेल तर शेजारच्या खोलीत रसायनशास्त्राच्या मुली झोपलेल्या असतात, आणि रेक्टर पहिल्याच आठवड्यात तंबी देतात. माझ्याच शिक्षणाच्या वेळी आम्ही तिघी जणी कपडे वाळत घालायच्या गच्चीवर शाल पांघरून रियाज करत होतो, आणि एका हिवाळ्यात माझा आवाज दीड महिना बसला. जिथं सकाळी सहाच्या आत वर्गखोल्या उघडून देतात आणि रात्री नऊपर्यंत बंद करत नाहीत, अशी संस्था सापडली तर बाकीच्या दोन उणिवा सोसाव्यात. शिपायाला विचारा, प्राचार्यांना नाही. किल्ली कोणाकडे असते आणि किती वाजता उघडतो, हे तोच खरं सांगतो.

पाहायला जायचा दिवसही नीट निवडायचा. स्नेहसंमेलनाच्या दिवशी सगळ्याच संस्था सुंदर दिसतात. साधा मंगळवार निवडा, सकाळचा दुसरा तास. परवानगी मागा आणि मागच्या रांगेत बसा. गुरू स्वतः किती गातात आणि मुलांना किती गाऊ देतात? चुकलेल्या मुलाला थांबवून दाखवतात की सगळा वर्ग पुढं नेतात? तास संपल्यावर दोन-तीन मुलं तंबोऱ्याजवळ रेंगाळतात का, की सगळी मोबाइल काढून बाहेर पडतात? त्या पंधरा मिनिटांत जे कळतं ते कुठल्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि एकच विचारा: "सरांनी तुला एकट्याला शेवटचं कधी ऐकलं?" उत्तर द्यायला मूल किती वेळ घेतं, त्यातच सगळं आलं.

प्रवेश चाचणीबद्दल थोडक्यात. दहा राग वरवर आणण्यापेक्षा दोन राग पक्के आणा: एकात विलंबित आणि द्रुत, दुसऱ्यात छोटा ख्याल किंवा तराणा. सोबत एखादं भजन, अभंग किंवा नाट्यपद असावं. आपल्या पट्टीचा तानपुरा स्वतः लावता आला पाहिजे. मोबाइल परीक्षकांच्या हातात देऊन "सर, काळी चार लावा ना" म्हणणारी मुलं चाचणी तिथंच निम्मी हरतात. तबलजींना लय आपण द्यायची, हातानं नीट दाखवून. परीक्षक तीन मिनिटांत थांबवतात म्हणून घाबरू नये, त्यांना हवं ते ऐकून झालेलं असतं. हातावर ताल, ओळखीच्या रागाची जवळच्या रागाशी तुलना, भूप आणि देशकार कसे वेगळे, असे प्रश्न येतात. आणि एक प्रश्न हल्ली बऱ्याच ठिकाणी विचारतात: गेल्या महिन्यात कोणाचं गाणं ऐकलंस? भाचीनं एका ठिकाणी वीणा सहस्रबुद्धे म्हटलं आणि कुठला राग, कुठली बंदिश, त्यात काय आवडलं, ते सांगत बसली. चाचणी संपायला पंधरा मिनिटं जास्त लागली.

पैशांचं न बोलता हा विषय पुरा होत नाही. सरकारी विद्यापीठांत फी अजून आवाक्यात आहे. खासगी संस्थांत ती वर्षाला किती, वाद्यांचे आणि कार्यशाळांचे वेगळे किती, हे आधी लिहून घ्यावं. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची 18 ते 25 वयोगटातल्या तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिन्याला 5,000 रुपये, दोन वर्षं. गुरूकडे शिकत असल्याचा दाखला लागतो. 10 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी सीसीआरटीची, म्हणजे केंद्राच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्र सरकार पं. भीमसेन जोशींच्या नावानं शास्त्रीय संगीताची युवा शिष्यवृत्ती देतं. या तिन्हींसाठी अर्ज करण्यासारखी किती मुलं घरात बसून असतात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

आणि पुढं काय? पदवी लागते ती शिकवण्याच्या नोकरीला. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेट किंवा पीएच.डी. ही पात्रता हवी. ती मिळवूनही कित्येक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, तासाच्या पैशांवर शिकवतात. आकाशवाणीची श्रेणी गाण्यावर मिळते, तिथं पदवी कोणी मागत नाही. मैफलीत तर कोणी विचारतच नाही. म्हणून कॉलेजात जायचं ते दोन कारणांसाठी: शिकवण्याचा पेशा पत्करायचा म्हणून, किंवा अठरा ते एकवीस ही तीन वर्षं गाण्याव्यतिरिक्त काही न करता घालवायची मुभा मिळते म्हणून. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. ही तीन वर्षं एकदा नोकरीत किंवा संसारात गेली की परत हाती येत नाहीत.

भाची यंदा जुलैत एका विद्यापीठात दाखल झाली. इमारत जुनी आहे, पावसात व्हरांड्यात पाणी येतं. तिच्या वर्गात नऊ जण आहेत. मुलींचा तास सकाळी आणि मुलांचा दुपारी, आणि कोपऱ्यात दोन तंबोरे उभे असतात, एक काळी चारचा, एक काळी एकचा.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक संगीत विभागाला माझी विनंती आहे: नव्या इमारतीचा, ध्वनिमुद्रण कक्षाचा, नॅकच्या श्रेणीचा विचार जरूर करा. पण येत्या सत्रापासून मुली आणि मुलांचे गाण्याचे तास पट्टीप्रमाणे वेगळे लावा. त्याला वेळापत्रकात एक रांग वाढवण्यापलीकडे काही लागत नाही.